उतरणारे आणि चढणारे

उंच इमारतीतील जिना ही मोठी उपेक्षित वस्तू होय. कचेरीत येणारा मनुष्य लिफ्टने वर जातो आणि लिफ्टनेच खाली येतो. जिन्याचे दार नेमके कोठे आहे, हे कित्येकांना नोकरीची निम्मी वर्षे उलटली तरी ठाऊक नसते. मालकाच्या दृष्टीने तर जिना हा निव्वळ तोटा असतो. जितकी जागा तो अडवील, तितक्या जागेचे भाडे बुडाले. मात्र एखादे दिवशी लिफ्ट बंद पडतात, धूर दाटतो, आणि मग हजारो माणसांचे आयुष्य त्या उपेक्षित वस्तूच्या रुंदीवर अवलंबून राहते.

११ सप्टेंबर २००१ या दिवसाचा इतिहास बहुधा विमानांचा, हल्लेखोरांचा आणि पुढे झालेल्या युद्धांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच सकाळी न्यूयॉर्कमध्ये, जागतिक व्यापार केंद्राच्या दोन मनोऱ्यांतील जिन्यांवर, एक निराळा इतिहास घडत होता. त्या जिन्यांवरून एका बाजूने माणसे उतरत होती आणि दुसऱ्या बाजूने माणसे चढत होती. उतरणारे बहुतेक वाचले. चढणाऱ्यांपैकी पुष्कळ जण परत आले नाहीत.

हे मनोरे उभे राहिले त्या काळापासूनच ही हकीकत सुरू करावी लागते. मिनोरू यामासाकी या स्थापत्यविशारदाने त्यांचा आराखडा केला आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये त्यांचे रीतसर उद्घाटन झाले. प्रत्येक मनोरा ११० मजल्यांचा. प्रत्येक मजला जवळजवळ एक एकर क्षेत्राचा. आणि प्रत्येकात ९९ लिफ्ट. जिने मात्र तीनच. त्यांपैकी दोन ४४ इंच, म्हणजे पावणेचार फुटांहूनही किंचित कमी रुंदीचे, आणि तिसरा ५६ इंचांचा. तिन्ही इमारतीच्या गाभ्यात एकत्र घेतलेले.

एवढ्या अवाढव्य वास्तूला तीनच जिने कसे पुरले, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात आहे. न्यूयॉर्क शहराच्या १९३८ च्या बांधकाम नियमांप्रमाणे अधिक जिने बांधावे लागले असते, आणि शिवाय धूर शिरू नये अशी खास रचना असलेला एक जिना ठेवावा लागला असता. पण १९६८ साली नवे नियम आले व त्यांनी ही बंधने सैल केली. ज्या बंदर प्राधिकरणाच्या मालकीचे हे मनोरे होते, ते दोन राज्यांचे मिळून असल्यामुळे त्याच्यावर शहराचे नियम बंधनकारक नव्हते. तरी त्याने नव्या नियमांना धरून बांधण्याचे ठरविले, आणि तेही ते नियम मसुद्याच्या अवस्थेत असतानाच. भाड्याने देण्याजोगी जागा वाढली. त्या काळी पोलादी इमारत समूळ जळून पडेल असे कोणाला वाटत नव्हते. आग लागलीच तर ती एखाद-दुसऱ्या मजल्यावर लागेल, तेवढ्याच मजल्यांवरचे लोक खाली सरकतील, बाकीचे आपल्या टेबलाशी बसून राहतील, असा तो हिशेब होता. सगळी इमारत एकाच वेळी रिकामी करण्याचा प्रसंग त्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

तो प्रसंग २६ फेब्रुवारी १९९३ रोजी आला. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास मनोऱ्यांखालील तळघरातल्या वाहनतळावर एका गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. सहा माणसे ठार झाली, हजाराहून अधिक जखमी झाली. वीज गेली, आणीबाणीसाठी ठेवलेले दिवेही लागले नाहीत, सूचना देण्याची यंत्रणा तळघराजवळच असल्यामुळे मुकी झाली, आणि जिने धुराची धुराडी बनले. अंधारात, तोंडाला रुमाल लावून, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून हजारो माणसे पायरी पायरीने उतरली. इमारत रिकामी होण्यास चार तासांहून अधिक वेळ लागला. काही जणांना तर पोलिसांच्या हेलिकॉप्टरांनी छतावरून उचलावे लागले.

या स्फोटानंतर जे झाले, ते अशा प्रसंगांनंतर सहसा होत नाही. चौकशी होते, अहवाल येतो, तो कपाटात पडतो, हा सर्व देशांतला अनुभव आहे. येथे मात्र प्राधिकरणाने दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला. जिन्यांत बॅटरीवर चालणारे दिवे बसविले, पायऱ्यांच्या कडा व कठडे अंधारात उजळणाऱ्या रंगाने रंगविले, मजल्यामजल्यावर जबाबदार माणसे नेमली आणि वर्षातून दोनदा सराव सुरू केला. सराव पुरता नव्हता हेही सांगितले पाहिजे. लोकांना जिन्याच्या दारापर्यंत आणीत, परंतु जिन्यातून उतरवीत नसत. छताची दारे कुलूपबंद असतात, तिकडे जाण्यात अर्थ नाही, हे कोणी स्पष्ट सांगितले नाही. आणि १९९३ ची हेलिकॉप्टरे लोकांच्या आठवणीत होती. त्या अपुरेपणाची किंमत पुढे काहींना द्यावी लागली.

सरावाच्या बाबतीत एका माणसाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. रिक रेस्कोर्ला हे त्याचे नाव. जन्म इंग्लंडातील कॉर्नवॉलचा, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेकडून लढलेला, आणि दक्षिण मनोऱ्यात ‘मॉर्गन स्टॅनली’ या पेढीचा सुरक्षा-अधिकारी. १९९३ नंतर त्याने आपल्या पेढीच्या लोकांकडून खरोखरीचा सराव करून घेतला: कामे थांबवून, जोड्या लावून, जिन्याने. लाखोंचे व्यवहार करणाऱ्या दलालांना हा उपद्व्याप आवडत नसे. तो जुमानीत नसे.

११ सप्टेंबरच्या सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी पहिले विमान उत्तर मनोऱ्याच्या ९३ ते ९९ या मजल्यांत घुसले. तिन्ही जिने एका जागी असल्यामुळे तिन्ही एकदम तुटले. त्या क्षणी ९२ व्या मजल्यावर किंवा त्याच्या वर जे होते, त्यांपैकी एकही मनुष्य वाचला नाही. दक्षिण मनोऱ्यात प्रथम ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले की, ही इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी परत जावे. काही लोक परत फिरले. पण पुष्कळांनी ऐकले नाही. रेस्कोर्लाने तर मुळीच ऐकले नाही. हातात कर्णा घेऊन तो आपल्या माणसांना जिन्याकडे पिटाळीत होता, आणि त्यांचा धीर सुटू नये म्हणून गाणी गात होता. ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरे विमान दक्षिण मनोऱ्याच्या ७७ ते ८५ मजल्यांवर आदळले, तेव्हा त्याच्या पेढीचे शेकडो लोक उतरणीला लागले होते. दोन हजारांहून अधिक माणसांच्या त्या पेढीतील बहुतेक सर्व जण वाचले. मागे कोणी राहिले आहे का, हे पाहण्यास तो पुन्हा वर गेला, तो कायमचाच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने पुढे वाचलेल्यांच्या मुलाखती घेऊन या उतरण्याचा बारकाईने अभ्यास केला. तिच्या अंदाजाप्रमाणे त्या वेळी दोन्ही मनोऱ्यांत मिळून सुमारे १७,४०० माणसे होती. एरवी याहून कितीतरी अधिक असत. परंतु वेळ सकाळची, त्यात शहरात महापौरपदाच्या प्राथमिक निवडणुकीचे मतदान, आणि शाळा नुकत्याच उघडलेल्या, त्यामुळे अनेक जण अजून यायचे होते. वाचलेल्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांनी आधीच्या वर्षभरात निदान एकदा सरावात भाग घेतला होता. तरी जवळजवळ निम्म्यांनी तो जिना पूर्वी कधी वापरला नव्हता. विमाने जेथे आदळली त्याच्या खालच्या मजल्यांवरील माणसांपैकी शेकडा ९९ जण जिवंत बाहेर पडले. त्याच संस्थेचा दुसरा निष्कर्ष अंगावर काटा आणणारा आहे: मनोरे पूर्ण भरलेले असते, तर या जिन्यांवरून सर्वांना उतरण्यास तीन तासांहून अधिक वेळ लागला असता, आणि सुमारे १४,००० माणसे मेली असती. तेवढा वेळ मनोऱ्यांनी दिलाच नाही. दक्षिण मनोरा ५६ मिनिटांत कोसळला, उत्तरेचा १०२ मिनिटांत.

आता चढणाऱ्यांकडे वळावे. जोसेफ फायफर हा अग्निशमन दलाचा अधिकारी त्या सकाळी गॅसच्या वासाच्या एका तक्रारीवरून जवळच्याच रस्त्यावर आला होता. विमान डोक्यावरून गेलेले त्याने पाहिले, आणि काही मिनिटांत तो उत्तर मनोऱ्याच्या दर्शनी दालनात उभा होता. त्याने व त्याच्या वरिष्ठांनी लगेच ओळखले की, ही आग विझविणे शक्य नाही. एक एकराचे अनेक मजले एकाच वेळी पेटलेले, लिफ्ट बहुतेक बंद, वर पाणी नाही. तेव्हा आग सोडून माणसे काढायची, असे ठरले. येईल त्या तुकडीला वर धाडण्यात येऊ लागले. त्यांतल्या एका तुकडीचा नायक केव्हिन फायफर, जोसेफचा सख्खा भाऊ. दोघांची क्षणभर नजरानजर झाली, भावाने भावाला वर जाण्यास सांगितले, आणि केव्हिन गेला. ती त्यांची शेवटची भेट.

अंगावर जाड पोशाख, पाठीवर हवेची टाकी, हातात कुऱ्हाड, दोर, होजची गुंडाळी, असे पंचवीस-तीस किलोंचे ओझे घेऊन ही माणसे जिना चढत होती. एकेका मजल्याला मिनिटभर किंवा अधिक लागे; काही मजले झाले की भिंतीला टेकून श्वास घ्यावा लागे. पावणेचार फुटांच्या त्या जिन्यात उतरणारे एका बाजूला सरत आणि चढणारे दुसऱ्या बाजूने जात. वाचलेल्या कित्येकांनी पुढे हेच दृश्य सांगितले आहे. कोणी त्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या, कोणी पाठीवर थोपटले, कोणी परमेश्वर तुमचे रक्षण करो असे म्हटले. बहुतेकांनी काहीच म्हटले नाही. घाईत माणसे पायरीकडे पाहून चालतात. त्या दिवसाचे खरे आभार मानण्याची जागा तीच होती, आणि वेळ जेमतेम दोन पावले टाकण्याएवढी.

दलाची पाळी सकाळी ९ वाजता बदलत असे. त्यामुळे रात्रपाळीचे लोक घरी निघण्याच्या बेतात होते आणि दिवसपाळीचे येऊन पोहोचले होते. दोन्ही पाळ्यांची माणसे एकाच बंबावर चढली. त्या दिवशी मेलेल्यांपैकी सुमारे साठ जण कामावर नव्हतेच.

दक्षिण मनोऱ्यात ओरिओ पामर या अधिकाऱ्याने एक लिफ्ट चालू करून ४० वा मजला गाठला आणि तेथून तो पायी निघाला. १० वाजण्यास आठ-नऊ मिनिटे असताना तो ७८ व्या मजल्यावर, म्हणजे प्रत्यक्ष विमान घुसलेल्या जागी, पोहोचला. तेथे जखमी माणसे पडली होती. त्याचा बिनतारी यंत्रावरचा आवाज ध्वनिमुद्रित झालेला आहे. त्यात घाबरटपणा नाही, घाई नाही. आग दोन ठिकाणी आहे, पाण्याच्या दोन नळ्या पुरतील, अशी तो व्यवस्थित मागणी करतो. त्यानंतर काही मिनिटांनी मनोरा कोसळला.

सर्वच उपकारकर्ते गणवेशात नव्हते. उत्तर मनोऱ्यात प्राधिकरणाचा बांधकाम-व्यवस्थापक फ्रँक डी मार्टिनी आणि त्याचा सहकारी पाब्लो ऑर्टिझ यांनी एक पहार आणि एक विजेरी घेऊन नव्वदीच्या आसपासच्या मजल्यांवरील अडकलेली दारे एकामागून एक उघडली. किमान पन्नास माणसे त्यांच्यामुळे खाली आली. ते दोघे आले नाहीत.

दक्षिण मनोरा पडला तेव्हा उत्तर मनोऱ्यातील कित्येक जवानांना ते कळलेच नाही. इमारत हादरली, एवढेच त्यांना समजले. फायफरने सर्वांना बाहेर पडण्याचा हुकूम दिला. पण १९९३ नंतर बसविलेले आवाज वाढविणारे यंत्र खालच्या दालनात नीट चालू झालेले नव्हते, अनेकांपर्यंत हुकूम पोहोचला नाही. वर घिरट्या घालणाऱ्या पोलिसांच्या हेलिकॉप्टरांना मनोऱ्याची अवस्था दिसत होती; पोलिसांची आणि बंबवाल्यांची बिनतारी यंत्रे मात्र एकमेकांशी बोलत नव्हती. शौर्याच्या वर्णनात ही गोष्ट झाकली जाऊ नये. काही जण हुकूम ऐकू न आल्यामुळे मेले, आणि काही हुकूम ऐकूनही हातातली जखमी माणसे सोडवली नाहीत म्हणून.

ज्यांना ऐकू आले त्यांत कॅप्टन जे जोनास आणि त्याची सहावी शिडी-तुकडी होती. २७ व्या मजल्यावरून ते उतरू लागले. वाटेत त्यांना एक स्त्री भेटली. ७३ व्या मजल्यावर हिशेबनिशीचे काम करणारी, साठीला आलेली, पाय पूर्ण थकलेले. तिला घेऊन चालायचे म्हणजे चाल निम्म्यावर यायची. त्यांनी तिला घेतले. चौथ्या मजल्यापाशी तिचे पाय अजिबात उचलेनात. तुम्ही जा, असे ती म्हणाली. ते गेले नाहीत. तेवढ्यात ११० मजले वरून खाली आले. परंतु मधल्या जिन्याचा तेवढाच एक तुकडा उभा राहिला, आणि त्यातील सोळा माणसे वाचली. अधिक वेगाने गेले असते तर खालच्या दालनात, आणि अधिक सावकाश गेले असते तर वरच्या मजल्यांवर, दोन्हीकडे मृत्यूच होता. ते जवान पुढे म्हणत राहिले की, तिने आम्हांला वाचविले. ती म्हणे की, त्यांनी मला वाचविले. हा वाद दहा वर्षे चालला. २०११ च्या जानेवारीत ती वारली, तेव्हा तिच्या शवपेटीला खांदा याच तुकडीने दिला.

अग्निशमन दलाचे ३४३ जण त्या दिवशी गेले. बंदर प्राधिकरणाचे ३७ पोलीस आणि शहराचे २३. त्याआधी या दलावर आलेला सर्वांत मोठा घाला १९६६ सालचा होता, आणि त्यात बारा माणसे गेली होती. मराठी श्रोत्याला येथे १४ एप्रिल १९४४ ची आठवण होणे साहजिक आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील आग विझविण्यास गेलेल्या दलाची ६६ माणसे स्फोटांत नाहीशी झाली; भारतभर तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जहाजात दारूगोळा आहे हे कळल्यावरही ती माणसे होज सोडून पळाली नव्हती.

न्यूयॉर्कने आपल्या जवानांचे आभार भरभरून मानले. बंबखान्यांपुढे फुलांचे ढीग लागले, घराघरांतून जेवणाचे डबे आले, आणि हडसन नदीकाठच्या रस्त्यावर लोक फलक घेऊन उभे राहून ढिगाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला टाळ्या देत. ढिगारा उपसण्याचे काम मे २००२ च्या अखेरपर्यंत चालले. हवा सुरक्षित आहे, असे केंद्रीय पर्यावरण संस्थेने हल्ल्यानंतर आठवड्याच्या आतच जाहीर केले होते. ती तशी नव्हती. चूर्ण झालेले सिमेंट, काच आणि ॲस्बेस्टॉस जवानांच्या छातीत जात होते. दलाच्या डॉक्टरांकडे प्रत्येकाच्या फुप्फुसांच्या जुन्या तपासण्या होत्या. त्यामुळे २००२ सालीच त्यांनी पुराव्यानिशी हा नवा खोकला जगापुढे मांडला. पण टाळ्या वाजविणे सोपे आणि औषधाचा खर्च सोसणे कठीण. आजारी जवानांच्या उपचाराचा कायदा मंजूर होऊन त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही होण्यास २ जानेवारी २०११ उजाडला. भरपाईचा निधी आटू लागला तेव्हा लुइस आल्वारेझ हा निवृत्त पोलीस जून २०१९ मध्ये, स्वतः कर्करोगाने खंगलेला असताना, संसदेच्या समितीपुढे बोलण्यास गेला. महिना संपण्यापूर्वी तो वारला. कायदा जुलैअखेर झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये ढिगाऱ्यावरील कामामुळे जडलेल्या आजारांनी गेलेल्या दलाच्या माणसांची संख्या ३४३ झाली, म्हणजे त्या सकाळी गेलेल्यांइतकीच. त्यानंतर ती वाढतच गेली.

जिन्यांचेही झाले. राष्ट्रीय मानक संस्थेचा अहवाल २००५ साली आला. नमुना-बांधकाम-नियमांच्या २००९ च्या आवृत्तीत ४२० फुटांहून उंच इमारतींना एक जादा जिना, जवानांसाठी संरक्षित लिफ्ट आणि अंधारात उजळणाऱ्या खुणा आल्या. भाड्याच्या जागेचा प्रश्न बांधकाम व्यावसायिकांनी याही वेळी काढलाच. जुन्या मनोऱ्यांच्या शेजारी उभा राहिलेला नवा मनोरा २०१४ च्या नोव्हेंबरात वापरात आला. त्याचे जिने पूर्वीपेक्षा रुंद आहेत, आणि धूर आत येऊ नये म्हणून त्यांत हवेचा दाब राखलेला असतो. त्याखेरीज आणखी एक जिना आहे, तो केवळ वर जाणाऱ्या जवानांसाठी.